उंच माणसाच्या घराची वाटणी

मी, बास्केटबॉलचा निवृत्त व्यावसायिक खेळाडू, मैदानावर ‘शिडी’ म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही कर्तव्य नाही.

१. कमाई. ती पेपरात छापून आली होती. त्या आकड्यावर ज्यांचा डोळा असेल त्यांनी तो पेपरच ठेवून घ्यावा. माझे सगळे करार धाकटा भाऊ पाहायचा. “दादा, तू फक्त उड्या मार. कागदांचं मी बघतो.” त्याने एकही कागद कधी वाचला नाही. थेट शेवटचं पान उघडायचं आणि झोकात सही ठोकायची. अशा एका सहीपायी मी टक्कल पडल्यावरही केसांच्या तेलाची जाहिरात फुकट करत होतो. दुसरीपायी मी त्याच्या मित्राच्या हॉटेलाला जामीन राहिलो. हॉटेल बुडालं आणि माझ्या ठेवीही घेऊन बुडालं. भाऊ लबाड नाही. लबाड असता तर निदान त्याच्याकडे तरी पैसे उरले असते.

२. बूट. या मापाचा पाय आमच्या घराण्यात दुसरा नाही. सगळे जोड क्लबच्या माळ्याला द्यावेत. एका बुटात त्याने रोप लावून पाहिलं आहे, चांगलं धरलं म्हणतो.

३. अंतिम सामन्याचा चषक प्रशिक्षकांना. त्या सामन्यात त्यांनी मला शेवटपर्यंत बाकावर बसवलं होतं, तेव्हा चषक आता त्यांनीच पुसत बसावं.

४. राहतं घर. बायकोने त्याचे कागद भावाच्या हाती लागू दिले नाहीत, म्हणून एवढं उरलं. भाऊ म्हणतो, “अर्धं माझं. तुझ्यापायी आयुष्य घातलं मी, दादा.” मला त्याला नाही म्हणता येत नाही. सबब अर्धं घर भावाला, अर्धं बायकोला. हे ऐकून बायको म्हणाली, “अहो, भाऊजी ते दुसऱ्या दिवशी विकायला काढतील. म्हातारपणी मी जाऊ कुठे?” तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मला तिची फार काळजी वाटते, हे इथे स्पष्ट नमूद करतो.

५. वकिलांना विचारून घातलेली अट. या मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं, त्याने यावर साक्षीदार म्हणून सही केल्यास त्याचा हिस्सा रद्द होऊन माझ्या बायकोला जाईल. तरी साक्षीदारांनी सहीपूर्वी संपूर्ण कागद वाचावा, अशी कळकळीची विनंती. चष्मा टेबलावर ठेवला आहे.

स्थळ: राहत्या घरातलं जेवणाचं टेबल.
दिनांक: ९ जुलै, भावाला सवड होती तो दिवस.
सही: शिडी

साक्षीदार, माझ्यासमोर:

(१) क्लबचे मालिशवाले. कागद दोनदा वाचला, भावाकडे पाहिलं, खोकले आणि सही केली.

(२) धाकटा भाऊ. चष्मा लागला नाही. “शेवटचंच पान ना, दादा?” म्हणाला आणि झोकात सही ठोकली.