बियाण्याच्या मुड्या

आये, तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असूनही लिहिते आहे. बोलून कुणाला सांगावं असं ते नाही, आणि सांगितलं तरी त्या वर्षाचं समजून घेणारं माणूस आता वाडीत उरलेलं नाही.

शिमगा होऊन गेला होता, विहिरींचे तळ दिसायला लागले होते. बाबा मालाच्या गलबतावर मलबारच्या बाजूला गेलेले. घरात तू आणि मी. खाडीकाठच्या तुकड्यात तू लाल माठ आणि वालीच्या शेंगा करायचीस, होडीतून मालवणच्या बाजारात न्यायचीस आणि येताना तांदूळ घेऊन यायचीस. आपलं भात पुढच्या कापणीपर्यंत कधी पुरलंच नाही. वाडीतल्या सगळ्याच घरांचं तसं. घाटावरचं धान्य कट्टा गावच्या बाजारात उतरे, तिथून बैलगाडीने आपल्याकडे येई. ही वाट कधी बंद पडेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

आधी वरच्या घरातला म्हातारा गेला, मग त्याची सून. पटकीची साथ आली हे आपल्याला नीट कळायच्या आत बाजाराला कळलं होतं. तू टोपली उतरवलीस आणि तुझं नेहमीचं गिऱ्हाईक, ती चष्मेवाली बाई, चार पावलं मागे सरली. 'ह्यां त्या वाडीतलां,' ती शेजारणीला म्हणाली. मग कुणीतरी पायानेच टोपली लोटली. मी वाकून वाली गोळा करायला लागले तर तू माझा दंड धरलास. 'रवांदे, चल,' एवढंच म्हणालीस. होडीत बसल्यावर तू पदर तोंडावर ओढून घेतलास. तुला तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर सरकारी माणसं आली, सगळ्यांना सुया टोचल्या, विहिरीत औषध टाकलं आणि वाडीतून कुणी बाहेर जायचं नाही असं बजावून गेली. वाडीतला दुकानदार आदल्याच दिवशी कुलूप लावून सासरवाडीला गेला होता. तांदूळ संपत आला तशी तू सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, गावच्या शिवेपर्यंत जाऊन बसायला लागलीस. एक दिवस कट्ट्याचा व्यापारी दिसला. तू ज्याच्याकडून वर्षानुवर्षं भात घेत आलीस तोच. तू उठलीस तशी त्याने लांबूनच हात वर केला. 'वैनी, थंयच रवा! पुढे येव नकात!' तू म्हणालीस, 'भात हंय शिवेर टाका, आमी उचलून नेतंव. तुमच्या गाडयेक हातसुद्धा लावचंव नाय.' तो म्हणाला, 'भात आसा गो बाये, पण गाडीवान तयार नाय. माका एकट्याक गाडी हाकूक येता काय?' तो खोटं बोलत नव्हता. जाताना त्याने आपली शिदोरी दगडावर ठेवली आणि मागे न बघता निघून गेला. ती तू शेजारच्या काकीच्या पोरांना दिलीस. काकीचा नवरा तेव्हा अंथरुणाला खिळला होता.

आणि मग तू माळ्यावर चढलीस. बियाण्याच्या मुड्या खाली काढल्यास. पेंढ्यात घट्ट आवळून बांधलेल्या, वर्षभर उंदरांपासून जपलेल्या. तू दोर सोडतेस आणि मी तुझा हात धरून ओरडते आहे, 'आये, तां बियाणा! पावसात काय पेरतलंव?' तू माझा हात बाजूला केलास. 'पेरूक कोण उरतलो, तां आदी बगूया,' म्हणालीस. भात उकडलंस, वाळवलंस, आपण दोघींनी मिळून कांडलं. मोठ्या टोपात पेज शिजली. ज्या घरांत कुणी पाऊल टाकत नव्हतं तिथे तू कळशी घेऊन शिरत होतीस. मला मात्र दाराबाहेर उभं करायचीस. सगळी नाही वाचली. काकीचा नवरा गेला. तिची पोरं वाचली.

तुला झालं तेव्हा साथ ओसरत आली होती. सकाळी तू दोनदा परसात गेलीस, मग उठलीच नाहीस. काकी म्हणाली, पाणी देऊ नकोस, वाईट असतं. तू मागत होतीस, म्हणून मी दिलं. पेजेचं पाणी दिलं, मीठ घालून दिलं, तुझ्या पोटात काहीच ठरत नव्हतं. तुझे डोळे खोल गेले, बोटं पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली. 'बाबांका सांग,' म्हणालीस, आणि काय सांगायचं ते राहून गेलं. दुपारच्या आत तू गेलीस. तुला उचलायला चार माणसं मिळेनात, तेव्हा खांदा द्यायला काकी आणि मी उभ्या राहिलो.

पाऊस आला तेव्हा बाबा परतले होते. ते बांधावर नुसते बसून राहत. पेरायला दाणा नव्हता. सगळीकडे लावणी सुरू झाली तेव्हा काकी न सांगता माहेरी गेली आणि तिथला उरलेला तरवा, भाताची रोपं, जुड्या करून डोक्यावरून घेऊन आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. वाटेत रोपं कोमेजली होती, तरी निम्मं शेत लागलं. बाकीचं पडीक राहिलं.

आजही जुनं कुणी भेटलं की म्हणतं, तुझ्या आईने वाडी जगवली. मी मान हलवते. काकीची पोरं मोठी झाली, मुंबईला नोकरीला लागली, गणपतीला आली की माझ्या पाया पडतात. मी त्यांना बसवते, जेवू घालते, त्यांच्या लेकरांच्या तोंडावरून हात फिरवते. आणि आये, हे मी कुणाला दाखवणार नाही म्हणून लिहिते: त्यांच्याकडे बघताना दर वेळी माझ्या मनात येतं, की त्या मुड्या तू सोडायला नको होत्यास. ती पोरं नसती राहिली तरी चाललं असतं. मला तू हवी होतीस.