ओझर ते मँचेस्टर, थेट

२ जानेवारी, सकाळी ८
शेवटी नाशिकला अक्कल आली. पेपरात अर्धं पान जाहिरात: ग्रेपविंग एअरलाइन्स, ओझर ते मँचेस्टर, थेट, १ मार्चपासून. हर्षालीची तारीख २० मार्च. पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं. लेक माहेरी येऊ शकत नाही, तर माहेरानं तिच्याकडे जायचं. व्हिसा तयार आहे. दिवाळीत ती आली होती तेव्हा मला हाताला धरून नेऊन तो काढून आणला.

मुंबईच्या विमानतळावर मात्र मी पाऊल ठेवणार नाही. ओझरला धावपट्टी असताना मुंबईच्या पाया का पडायचं? हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

मालकाचं नाव वाचून उडालेच. किशोर! दहावी ब. कॉन्व्हेंटमध्ये एकतीस वर्षं इंग्लिश शिकवलं, त्यातली तीन ह्याच्यावर खर्ची पडली. पुढे कंटेनरमधून द्राक्षं इंग्लंडला पाठवायला लागला. आता माणसं पाठवणार. प्रगती आहे.

५ जानेवारी
हर्षालीचा फोन. आई, त्यांच्याकडे विमान आहे का एवढं तरी विचार, म्हणाली. मुंबईहून तिकीट काढून देते, म्हणाली. मी म्हटलं, तू पाय वर घेऊन पडून राहा, माझ्या प्रवासात लक्ष घालू नकोस. त्यावर नुसतं बरं म्हणून फोन ठेवून दिला. ह्या दिवसांत बायका विक्षिप्त वागतात.

१२ जानेवारी
ग्रेपविंगचं ऑफिस आमच्याच गंगापूर रोडवर, एका केकच्या दुकानाच्या वर. मला बघताच किशोर ताडकन उभा राहिला. गुड मॉर्निंग, मिस! लावलेलं वळण वाया जात नाही. पहिल्या रांगेतली पहिली सीट दिली. विमानं किती आहेत, विचारलं. दोन येतायत मिस, होतंच आलंय, म्हणाला.

निबंधाच्या वहीबद्दलही तो हेच म्हणायचा. वही कधी आली नाही. पण वही माणूस घरी विसरू शकतो. विमान कसं विसरेल?

२६ जानेवारी
हवाई सुंदऱ्यांच्या गणवेशाचा सोहळा. पदराला पैठणीचा काठ. जेवणात चिवडा आणि द्राक्षं. एका आगाऊ पत्रकारानं विचारलं, विमान कुठाय? किशोर म्हणाला, आधी संस्कृती! टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. जरा हळू.

८ फेब्रुवारी
स्वयंपाकाच्या भागीबाईला घेऊन मॉलमध्ये गेले. गरम कपडे वरच्या मजल्यावर. भागीबाई सरकत्या जिन्यानं वर गेली, हौसेनं खाली आली, पुन्हा वर गेली. वरून सगळ्या मॉलला ऐकू जाईल असं ओरडली, या ना बाई, काही होत नाय, मी धरते! मला घाई नव्हती. पाच-सात मिनिटं उभी राहून मी त्या जिन्याचं निरीक्षण केलं. वेग जास्त आहे. लिफ्टनं गेले.

इथे लिहून ठेवते: ह्यांच्या हयातीत तिकिटं, बॅगा, रांगा त्यांच्याकडे असत आणि बोलणं माझ्याकडे. ती कामाची वाटणी होती. दुसरं काही नाही.

१७ फेब्रुवारी
यशोदाबाई येऊन गेल्या. विहीणबाई, नांदगावच्या, शिक्षण चौथी. परवा मुंबईहून मँचेस्टरला निघतात. एकट्या! मी त्यांना सगळे धोके समजावून सांगितले. टर्मिनल चुकतं, गेट बदलतं, सामान हरवतं. त्यांनी शांतपणे बशीत चहा ओतला. म्हणाल्या, चुकलं तर इचारायचं, तोंड कशाला दिलंय देवानं? पुढे म्हणाल्या, मान तुमचाच हाय ताई, तुम्ही येईस्तवर मी नुसत्या भाकरी थापते. न्हाय तर चला माझ्यासंगं, दोघी जाऊ.

मी म्हटलं, माझं थेट विमानाचं बुकिंग आहे. कीव आली हो. इगतपुरीहूनच परत येतील.

२० फेब्रुवारी
यशोदाबाईंचा फोटो आला. मँचेस्टरहून. नऊवारी, वर जावयाचा कोट, पायात बूट.

कसं जमलं ते कळलं. विमानतळावर व्हीलचेअर मागितली! पाय ठणठणीत असताना. दारात बसायचं, विमानाच्या तोंडाशी उतरायचं, मधल्या सगळ्या रांगा ढकलणाऱ्यानं पार करायच्या. वर त्याला डिंकाचा लाडू दिला म्हणे. हर्षाली म्हणते, सगळ्यांच्या आया अशाच येतात, तुझ्यासाठीही सांगून ठेवते. मी म्हटलं, मी नन्सच्या हाताखाली शिकले आहे, खुर्चीत बसून खोटं बोलणार नाही.

२७ फेब्रुवारी
ग्रेपविंगचा मेल. १ मार्चऐवजी १५ मार्च. कारण ऑपरेशनल. इंग्लिशच्या चार चुका दुरुस्त करून मेल परत पाठवला. पहिलटकरीण वेळेवर कधी मोकळी होत नाही. हर्षाली स्वतः नऊ दिवस उशिरा आली होती. भरपूर वेळ आहे.

१५ मार्च, संध्याकाळी ६
सकाळी नऊला ओझर. टॅक्सी करून, एकटी. सनई, नारळ, गुरुजी, फेटे. प्रवासी अकरा. धावपट्टीवर एक विमान उभं होतं, आम्ही टाळ्याही वाजवल्या. ते दुसऱ्याच कंपनीचं निघालं.

मग किशोर आला. मिस, विमान होतंच आलंय. तोवर बसनं मुंबई आणि तिथून दुसऱ्या कंपनीच्या विमानानं मँचेस्टर. आज रात्रीच. बस एसी आहे, मिस. तुमची पहिलीच सीट आहे.

बाकीच्यांनी आधी त्याची आई-बहीण काढली, मग निमूट चढले. मालेगावच्या एक चिमणाबाई, सत्तरीच्या, नातवाकडे निघालेल्या. त्यांनी शेजारची सीट पदरानं पुसली. म्हणाल्या, या ना बाई, मलाबी सोबत होईल, हात धरून जाऊ दोघी. दार उघडं ठेवून बस दहा मिनिटं थांबली. किशोर माझी बॅग हातात घेऊन उभा. शाळेत कधी इतका शांत उभा राहिला नाही.

मी म्हटलं, मी थेट विमानाचं तिकीट काढलंय. तत्त्व ते तत्त्व.

बस गेली. घरी येऊन चहा केला. मन अगदी शांत आहे. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, ते डबे सारखे असल्यामुळे.

१८ मार्च
दोन दिवस आधीच मोकळी झाली. मुलगी, तीन किलो. दोघी सुखरूप. लेबर रूममध्ये यशोदाबाई होत्या. हर्षालीनं त्यांचा हात सोडला नाही म्हणे. तिथे दुसरं कोण होतं?

१९ मार्च, रात्री
व्हिडिओ कॉल. बाळाला बघितलं. माझ्यासारखं नाक. यशोदाबाई मांडीवर घेऊन तेल लावत होत्या, बरं लावत होत्या.

मी हर्षालीला ग्रेपविंगबद्दल सविस्तर सांगायला घेतलं. तिनं थांबवलं. म्हणाली, आई, राहू दे गं. सासूबाईंचं तिकीट मी दिवाळीतच काढलं होतं. तेव्हा ती एअरलाइन जन्मालाही आली नव्हती. तुला एकटीला यायची भीती वाटते, मला माहीत होतं. बाबा गेल्यापासून तू गंगापूर रोडच्या बाहेर एकटी कुठे गेली आहेस?

रागावून बोलली असती तर उत्तर होतं माझ्याकडे. प्रेमानं बोलली.

तरीही नोंद हवी म्हणून लिहिते. हे साफ खोटं आहे. चारच दिवसांपूर्वी मी विमानतळापर्यंत एकटी जाऊन आले.