बायनाच्या जिभेचे इलाज

ज्येष्ठ शुद्ध तृतीया
आधी आली ती विहीण, तुळजाबाई. मागून तिचा लेक बंकट, त्यांच्या गावाहून, युसूफ वडगावाहून, गाडी जुंपून. त्यानं गूळ खाल्ला आन बोटं चाटून धोतराला पुसली. शिसारी आली. विहिणीनं नातीला नाव इचारलं. बायना पाच वर्साची, बा-बा-बा वर अडकली. मीच सांगितलं. गाव इचारलं, तेबी मीच. मग म्हणती, बोलंना तर आजोळी नेते. म्हणलं, वटपुनवेला या, घडाघडा बोलंल.
(मालक पटवारी. त्यांच्या दफ्तराची कोरी पानं मी घेतली, त्यांना ठाव न्हाई.)

पंचमी
वेखंड मधात उगाळून जिभेला लावलं. पोर माझ्या लुगड्यावर थुंकली. काय तो वास! रोज लावणार.

षष्ठी
वेखंड बायनानं शेळीला चारलं. शेळी दिवसभर ओरडती. म्हंजे इलाज खरा हाय, तोंड चुकलं.

अष्टमी
पोपटानं टोचलेला आंबा मिळवला. उष्टा खाल्ला की वाचा फुटती. बायना त्यात बघून अ-अ करायली. मीच म्हणलं, आंबा. अळी होती. अर्धा मी खाल्ल्यावर दिसली. सून म्हणली, आत्याबाई, तुमाला गुण आला. जळती मेली.

एकादशी
रहेमतबी बांगड्या भरायला आली. बायना कुठं घटकाभर टेकत न्हाई, मुंगी दिसली की पळती. तिच्यापुढं मात्र बसली. कावून? ती बाई बोलतच न्हाई! हात धरून नुसती पोरीच्या तोंडाकडं बघती. पोर हि-हि-हि करायली. मी सांगणार, तर रहेमतबीनं तेलाचं बोट माझ्या ओठावर ठेवलं. अम्मा, ठैरो, म्हणली. शी! तीनदा चूळ भरली.
पोर 'हिरवी' म्हणली खरी. वेखंडाचा गुण उशिरा लागतो.

पुनव
वड पुजून आले तर पाहुणे हजर. विहिणीनं परत नाव इचारलं. बा-बा. मी तोंड उघडलं, तर बायनानं माझ्याच ओठावर बोट ठेवलं. शेणाचं. आन म्हणली, बायना. सगळं नाव! विहीण रडली. मीबी रडले, थुंकत थुंकत. लई आनंद झाला.
मग विहीण म्हणती, तुमी गप बसला की पोर बोलती, महिनाभर आजोळी ऱ्हाऊ द्या. माझ्या इलाजाचं हे फळ! सांजेपत्तूर समजावलं.
पाहुणे निघताना बायनालाच इचारलं, आजोळी जाती का गं? जा-जा, म्हणली. जात न्हाई, असंच म्हणायचं असणार. मीच पुरं केलं.
पाहुणे गुरुवारी येणार हाईत, गाडी घेऊन, पोरीला न्यायला.