पुराव्याला हात लावू नये

सोमवार, ३ मार्च, सकाळी ७.१०
छत गळतंय, आणि तेही नेमकं हिच्या शिलाई मशीनवर. गच्चीवरच्या टाकीचा पाइप फुटलाय. टाकी घरमालकांची, पाइप मालकांचा. म्हणजे भरपाईही मालकांच्याच विम्यातून! ही मशीन सरकवायला धावली. मी ओरडलो, खबरदार! सर्व्हेअर बघून जाईपर्यंत सुईसुद्धा हलता कामा नये. म्हणाली, अहो, फोटो काढा आणि सरकवा. फोटो म्हणे! पंचवीस वर्षं ऑफिसात रेकॉर्ड सांभाळतोय. पुरावा कशाला म्हणतात ते मला शिकवते.

दुपारी १.००
मालक खालीच राहतात. बादली आणि फडकं घेऊन वर आले. काय ही हिंमत! पुरावा पुसायला आले होते. दारातूनच परत पाठवलं. जाताना म्हणाले, माझा विमा भिंती-छताचा. सामानाचा तुम्ही काढायचा, करारात लिहिलंय, सही आहे तुमची. असेल. पण ती मी रागात केली होती. रागातली सही धरत नाहीत.

मंगळवार
प्लंबर पाइप जोडून गेला. मशीनखालचं तळं आहे तसंच आहे. ही म्हणते, शनिवारी शाळेचे वीस गणवेश द्यायचेत, पहिलीच मोठी ऑर्डर, गेली तर पुन्हा कोण देणार? म्हटलं, नवं मशीन येईल, विम्याचं. संकल्प : आवाज चढवायचा नाही. मुद्देसूद बोलायचं.

संध्याकाळी
चढवला.

गुरुवार
सर्व्हेअर आला. छत मोजलं, भिंत मोजली. मशीनकडे ढुंकूनही बघितलं नाही. हाताला धरून गंज दाखवला. म्हणाला, हे सामान तुमचं, तुमची पॉलिसी कुठाय? सांगितलं, तत्त्व म्हणून काढलेली नाही. मग विचारलं, तीन दिवस हे असंच ठेवलंत? अभिमानाने हो म्हणालो. त्याने लगेच लिहून घेतलं. अखेर माझं म्हणणं कुणीतरी कागदावर घेतलं!

शुक्रवार
छताची दुरुस्ती विम्यातून होणार. लाकडी जमीन फुगली, ती मात्र माझ्याकडून वसूल करणार. का, तर पाणी पुसलं नाही! सरळसरळ कट आहे. वर मशीन बघायला बोलावलेला मेकॅनिक म्हणतो, मोटर जळली, पहिल्या दिवशी सरकवलं असतं तर वाचलं असतं. त्यालाही मालकांनीच पढवलं असणार. ही उठली. कापडाचं गाठोडं उचललं आणि खाली गेली. मालकीणबाईंकडे मशीन आहे.

शनिवार, दुपारी १.३०
वीसही गणवेश वेळेत गेले. शाळेने आणखी तीस सांगितलेत. मालकीणबाईंनी ताट वाढायला घेतलंय, वर निरोप आला. उलट निरोप धाडला : भरपाई मिळाल्याशिवाय त्या घरात पाण्याचा थेंब घेणार नाही!

२.१०
खाली हसण्याचे आवाज. पुन्हा बोलवायला कुणी आलेलं नाही.

२.४०
दार उघडं ठेवलंय. जमीन वाळावी म्हणून.