तुइस्कूचं बाहेर जाणं

कुओपिओचं इस्पितळ, २ फेब्रुवारी १९६६

चि. आउने हीस अ. उ. आ.

खुब्याचं दुखणं आता सोसण्याइतकं आहे. सूतगिरणीतून रजा काढून तू घरी आलीस, तेही लहानपणापासून जिला घाबरतेस त्या घोडीसाठी, याचं मला बरं वाटलं आणि हसूही आलं.

थंडी वाढली म्हणून तुइस्कूला कोंडून ठेवू नकोस. उजाडल्यावर तिला रोज बाहेर सोडायचं. तबेल्याची खिडकी चार बोटं उघडी असू दे, नाहीतर श्वासाच्या वाफेने भिंती ओल्या होतात आणि तिला खोकला लागतो. तिला बाहेर काढण्याआधी दारापासून कुंपणापर्यंत चुलीतली राख पसर, म्हणजे बर्फावर पाय घसरत नाही. पाणी कोमट करून दे. परत आणलीस की खुरात बसलेले बर्फाचे गोळे काढ. तिच्या नालांना बर्फात रुतणारे टोकदार खिळे आहेत, तेव्हा स्वतःचे पाय सांभाळ.

मी कसा पडलो हे तू आणि रेइनो, दोघं भावंडं, सारखं विचारू नका. म्हातारी माणसं पडतातच.

शेजारच्या हेल्मीबाईंना नमस्कार सांग. माया आहेच, ती वाढू दे.

तुझा बाबा

---

कोइवुमाकी, १० फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

आधी गुन्हा कबूल करते. रविवारी पारा उणे तीसवर गेला आणि मला तिची दया आली. दोन दिवस कोंडून ठेवली, खिडकीत पोती कोंबली. बादलीतलं पाणी गोठत होतं आणि मी तेच पुढे करत होते. मंगळवारी ती गवताला तोंड लावेना. पोटाकडे वळून बघू लागली, पाय आपटू लागली. मी रडतच शेजारच्या हेल्मीमावशींकडे धावले. त्यांनी आधी दार सताड उघडलं आणि मग मला झाडलं. घोडी काय तुझ्या गिरणीतली कापसाची गासडी आहे का, म्हणाल्या. राखेवरून तिला तासभर हळूहळू फिरवलं, मूठभर मीठ घालून कोमट पाणी पाजलं. संध्याकाळी तिने लीद टाकली. लीद बघून कुणी इतकं आनंदलं असेल असं वाटत नाही.

आता रोज सकाळी सोडते. पापण्यांवर हिमकण घेऊन ती निवांत उभी असते. आताशा माझी भीती बरीच गेली आहे.

पण बाबा, रेइनोदादाने कत्तलखान्याची गाडी ठरवली आहे, शुक्रवारी अठरा तारखेला. जिने आज बाबांना ओढून पाडलं ती उद्या दुसऱ्याला पाडेल, असं तो म्हणतो. तिनेच ओढलं असं तुम्ही इस्पितळात मान डोलावून सांगितलंत म्हणे. तिने खरंच तुम्हाला ओढलं का? स्पष्ट लिहा.

काळजीत असलेली,
आउने

---

कुओपिओ, १५ फेब्रुवारी

चि. आउने हीस अ. उ. आ.

तिने ओढलं नाही.

त्या सकाळी हेल्मीबाई कॉफीला येणार होत्या. म्हणून मी रोजचे जाड, दाबलेल्या लोकरीचे फेल्टचे बूट सोडून चर्चला जायचे बूट चढवले. कातडी तळव्याचे, गुळगुळीत. आणि घाईत राखही टाकली नाही. तिला पाण्यावर नेताना हौदापाशी सटकलो आणि सरळ तिच्या पोटाखाली गेलो. चारही पायांना खिळे होते, आउने. उचललेला पाय तिने खाली टेकवला नाही. हेल्मीबाई येईपर्यंत थरथरत तीन पायांवर उभी होती.

रेइनोने विचारलं तेव्हा लाज वाटली. सत्तरीच्या माणसाने नटण्यापायी खुबा मोडून घेतला हे पोराला कसं सांगू? घोडीने ओढलं का म्हणाला, तर मान डोलावली. मुक्या जनावराच्या माथी माझी चूक मारली. त्या दिवसापासून मला धड झोप नाही.

गाडी थांबव. काहीही कर. हेल्मीबाईंना मात्र यातलं सांगू नकोस.

बाबा

---

कोइवुमाकी, १९ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

रस्त्यावरच्या बर्फाने टपाल अडलं, त्यामुळे तुमचं पत्र आज शनिवारी दुपारी हाती पडलं. गाडी कालच येऊन गेली.

गुरुवारी पाऊस झाला आणि रात्रीत सगळं गोठलं. चढावर काच अंथरल्यासारखं झालं होतं. वळणावर गाडी घसरून खड्ड्यात गेली. ड्रायव्हर कुंपण धरत धरत वर आला आणि ओशाळून विचारू लागला, की जवळपास कुणाकडे घोडा आहे का. हेल्मीमावशींनी जुंपायला मदत केली, लगाम मी धरला. तिसऱ्या झटक्याला खिळे बर्फात रुतले आणि तुइस्कूने गाडी वर काढली. मग त्याने विचारलं, की न्यायची घोडी कुठे आहे. मी म्हटलं, हीच. त्याने टोपी काढली. तीन कप कॉफी प्यायला, रस्ता खराब होता असं कत्तलखान्यात सांगेन म्हणाला आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

पण रस्ता काही कायमचा खराब राहणार नव्हता. म्हणून दुकानातून रेइनोदादाला फोन केला. तो तेच बोलला, उद्या कुणाला पाडलं तर. मी म्हटलं, रोज दोनदा मी तिच्यासोबत बर्फावरून चालते, तू चालतोस का? घोडी जाणार नाही. तो चिडला, मग तिला खायला ओटचा दाणा पुरेसा आहे का, ते त्याने विचारलं.

हेल्मीमावशींना सांगू नको म्हणता, पण तुम्हाला उचलताना पाय त्यांनीच धरले होते, ते बूट त्यांनी तेव्हाच पाहिले असणार. त्यांनी एवढे दिवस चकार शब्द काढला नाही.

तुमचं पत्र वाचून रडले. तिच्यासाठी नाही, तुम्हाला ते लिहावं लागलं म्हणून. रेइनोदादाला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बाबा, तुमचं पत्र आलं नव्हतं तेव्हाच मी तिच्या बाजूने उभी राहिले होते.

लवकर बरे व्हा, लोभ आहेच.

तुमची लाडकी,
आउने