घुमणारी खोली

डिंडोली, सुरत
फेब्रुवारी १९९७

प्रिय ललितदादा,

या पत्राचं उत्तर घरी पाठवू नकोस. का ते पुढे लिहिते.

तू सांगितलंस तसं सगळं केलं, तरी मनाला स्वस्थता नाही. दिवाळीत टीव्हीला स्पीकर जोडून तू नाशिकला परतलास, तेव्हापासून नाना एकच म्हणताहेत, "आवाज नुसता घुमतो. बोलणं कळत नाही." जन्मभर कापडाच्या लूमच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला घरी सिनेमा नीट ऐकता यावा, म्हणून तू एवढा खटाटोप केलास. खोलीचं काम माझ्यावर सोपवलंस. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.

खोली घुमत होती हे खरं. उघड्या भिंती, खाली फरशी. टाळी वाजवली की टण्णकन परत यायची. मी स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, सतरंजी अंथरली, मागच्या भिंतीवर गोधड्या टांगल्या, कोपऱ्यांत चिंध्यांनी गच्च भरलेली पोती उभी केली. आई म्हणाली, "पाहुणे विचारतील, तुमच्या भिंतींना थंडी वाजते का?" टाळी आता कोरडी वाजते. शेजारच्या सुभद्राबाईंना तर सिनेमातली कुजबुजसुद्धा कळली. नाना मात्र म्हणाले, "अजून घुमतंय." मी आणखी एक गोधडी टांगली.

परवा रविवारी दुपारी खिडकीही झाकली. आत अंधार झाला. कॅसेट मधेच थांबवून मी नानांच्या पाठीमागून विचारलं, "आता कसं वाटतं?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. सुभद्राबाई हसल्या, "काय हो नाना, झोपी गयात का?" तरी ते तसेच बसून. मी दिवा लावला, समोर जाऊन तेच विचारलं. लगेच म्हणाले, "घुमतंय गं अजून."

दादा, खोलीत काहीच बिघाड नाही. लूमवर माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. बोलताना समोरच्याकडे तोंड करून बोलायचं, ही शिस्त नानांनीच आपल्याला लावली. मी ती चांगली रीत म्हणून पाळत आले. त्यात आपल्या घरात सगळेच ओरडून बोलतात, मग कळणार कसं?

सुभद्राबाई गेल्यावर मी विचारलं. आधी चिडले. मग म्हणाले, "ललितला कळवू नको. तो कामावर जाऊ देणार नाही. घरी बसून काय करू, तुझ्या गोधड्या मोजू?" मी हो म्हटलं.

दिलेला शब्द मोडून लिहिते आहे, कारण नाना अजूनही रेल्वेचे रूळ ओलांडूनच कारखान्यात जातात. या शनिवारी ये आणि त्यांना डॉक्टरांकडे ने; तुला ते नाही म्हणणार नाहीत. तोपर्यंत मी रोज सकाळी रुळांपर्यंत त्यांच्या मागून जाते आहे. त्यांना पत्ता नाही. आज अगदी हाताच्या अंतरावर होते. माझ्या चपला फटफट वाजत होत्या, दादा, आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

वाट पाहणारी, तुझीच
उज्ज्वला