पाण्यातून आणलेलं सागवान

घोडेगाव,
२ मे २०२४

ती. अक्कास,
सावळेरामचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या वस्तीवर मोबाईलची रेंज येईल तेव्हा येवो, तोवर दुधाच्या गाडीवाल्याच्या हाती कागद देणं आलं. बरंच आहे म्हणा, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

तुझा सोमनाथ माझ्या वखारीत येऊन बसलाय. बुडी मारून मासा मारायची बंदूक पाहिजे म्हणतो, तीही लाकडाची, घरी बनवलेली. मी म्हटलं, मेंढरं वळणाऱ्यांच्या घरात हा मासा कुठून शिरला? तर मोबाईलवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ दाखवत बसला. यात दारूगोळा नसतो अक्का, बेचकीचाच थोरला भाऊ समज. लांब दांडा, वर खोबण, खोबणीत सळई. रबर ताणायचं नि घोडा दाबायचा.

लाकूडही त्यानंच आणलंय. धरणाचं पाणी उतरल्यावर गाळात सापडलेलं सागवान, काजळासारखं काळं. मी पेरानं वाजवून लाकूड पारखतो हे तू जाणतेस. शाळा झाली नाही, पण कान तयार झाले आणि त्यांच्यावर ही वखार उभी राहिली. हे वाजवलं तर घंटेसारखा ठण्ण आवाज निघाला. हात काढल्यावरही जरा वेळ वाजत राहिलं, एवढं मात्र मी आजवर ऐकलं नव्हतं.

तुला तो पाण्यात उतरलेला खपत नाही, मला ठाऊक आहे. एकुलता एक पोरगा, त्यात तुझ्या सुनेला, रोहिणीला सातवा लागलाय. कमरेला दोर बांधल्याशिवाय उतरायचं नाही, अशी मी त्याला शपथ घातलीय. तेव्हा मला शिव्या बेतानं घाल. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सावळेराम


वस्ती, तळेघरच्या वाटेवर,
९ मे

चि. सावळेरामास,
तुकाबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सांगत्ये आन् रोहिणी लिहित्ये. तिला म्हटलंय, माजं बोलणं सुधरवू नको.

तुला अक्कल कधी यायची रं? पोरगं बंदूक मागतंय आन् मामा रंधा घिऊन बसला! एक मासा घरी आणला न्हाई त्यानं अजून. पाण्याकडं बघत बसतो नुसता, दोन हाका मारल्यावर वळतो. मला लई भ्या वाटतंय. नातवंडाचं तोंड बघायच्या येळंला माजं पोरगं पाण्यानं नेऊ नये, दुसरं काय बी मागत न्हाई मी.

ते लाकूड कुणाच्या घरचं, ते त्याला इचार. मला सांगत न्हाई. म्हणतो, गाळात व्हतं. गाळात तर आपलं बुडल्यालं सगळं गाव हाय. ते कळल्याबिगर करवत लावू नको.

तुज्या बायकूचे गुडघे कसे हायेत? आशीर्वाद हायेतच, पण कान पिळायचा हक्क बी माजा हाय.

तुकाबाई


घोडेगाव,
१८ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा करवत लागून गेली होती. लाकूड उभं चिरून, पट्ट्या उलटसुलट चिकटवून दांडा केला, म्हणजे पीळ खात नाही. काम नामी झालं. तिथवर मी खूश होतो.

पाण्यात तोल बघायला दांडा हौदात सोडला. तो तरंगला, सावकाश वळला आणि तोंड मावळतीला करून थांबला. वाटलं, तोलासाठी बसवलेलं शिसं कमीजास्त झालं असेल. शिसं बदललं, तरी मावळतीला. शेजारच्या शेततळ्यात सोडला, तरी तेच. मावळतीला काय आहे, अक्का? धरण आहे.

मग मी त्याला कान लावला. ओलं लाकूड सुकताना करकरतं, तो आवाज मला झोपेतही कळतो. हा तो नव्हता. दाराच्या पलीकडं कुणी श्वास धरून उभं असावं, तसं काहीतरी होतं. मी श्वास सोडला की तेही सोडायचं.

सोमनाथला दमात घेतलं, तेव्हा बोलला. देवळाच्या मागचं शेवटचं घर, त्याचा उंबरा. म्हणजे आपलाच. रंधा मारताना मधे खोलगट झिजलेलं लागलं होतं, तेव्हाच मला ओळखू यायला हवं होतं. आपल्याच पायांनी झिजलेलं ते.

बंदूक देणार नाही म्हणून बजावलं, तर मी ओझरला गणपतीला गेलो तेवढ्यात तो ती घेऊन गेला. त्याला पाण्यात जाऊ देऊ नकोस. आणि घराचं बाकी लाकूड वर आणलं, तर आईनं तो उंबराच मागे का ठेवला होता, ते कळव. गाव उठलं तेव्हा मी पुण्याला लाकडाच्या अड्ड्यावर राबत होतो, मला कुणी काही सांगितलं नाही.

उत्तराची वाट पाहतो. लोभ आहे म्हणूनच धास्ती आहे.

सावळेराम


वस्ती,
२२ मे

चि. सावळेरामास,
अनेक आशीर्वाद.

माज्या पाठीवर आन् तुज्या आधी एक पोरगा झाला व्हता. बाराव्याच्या आत गेला. आपल्यात असं तान्हं उंबऱ्याखाली पुरायचे, म्हंजी त्याच घरात परत जल्माला येतं म्हणून.

घर सोडायचं तर जुन्या उंबऱ्यावर पाणी शिपडून आपल्या गेलेल्या माणसांस्नी नाव घिऊन हाक मारायची, चला, आता तिकडं ऱ्हायचं. आपल्या बानं समद्यांस्नी नावानं हाक मारली. पर ह्याचं बारसंच झालं नव्हतं, हाक मारायची कशी? म्हणून आईनं उंबरा हालू दिला न्हाई. म्हणली, निदान त्याचं दार तरी त्याला असू द्या.

सोमनाथनं दोर टाकून दिलाय. बंदुकीत सळईच घालत न्हाई. ती नुसती हातात धरतो आन् ती नेईल तिकडं जातो. काल लई येळानं वर आला. काय म्हणला सांगू? म्हणला, आये, खाली दार उघडं हाय.

हे लिहिताना रोहिणीचा हात थांबला. मी म्हटलं, लिही बाई. तू ये. ते लाकूड ह्या घराच्या दारात बसव. मी हाक मारत्ये त्याला. तो हितं आला म्हंजी माज्या पोराला तिकडं वढणार न्हाई.

पत्र वाचलं की पायात चपला घाल.

तुकाबाई


वस्ती,
३ ऑगस्ट

ती. मामांस,
रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र माझं मी लिहिते आहे, सासूबाईंना ठाऊक नाही.

तुम्ही आलात, बंदुकीचं रबर-लोखंड काढून दांडा आमच्या दारात उंबरा म्हणून बसवलात, त्या दिवसापासून यांनी पाण्याकडं पाठ केली. भाताच्या खाचरात राबतात, पोटभर जेवतात. धरण आता भरलं, तरी त्या वाटेला जात नाहीत. माझा माणूस तुम्ही मला परत दिलात.

मला मुलगा झाला. वजन चांगलं आहे. गुणाचा आहे, रडत नाही, असं सगळे म्हणतात. मामा, तो जन्मतानाही रडला नाही. नर्सबाईंनी तळव्यांवर टिचक्या मारल्या, तर त्यानं डोळे उघडून सासूबाईंकडं पाहिलं. खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाकडं पाहावं, तसं.

त्या दिवशी तुमचं लक्ष पाचर ठोकण्यात होतं. सासूबाईंनी हाक मारली, ती नावानं नव्हती. नुसतं म्हणाल्या, बाळा, घरात ये. मी दारातच उभी होते. पोटातला एकदम शांत झाला आणि पुढं दोन दिवस हललाच नाही. मग हलला, पण ती हालचाल माझ्या ओळखीची नव्हती. मी कुणाला बोलले नाही. बोलून काय सांगणार होते?

तो माझाच आहे. मीच त्याला पाजते. रात्री त्याचा श्वास ऐकत पडते. पण सासूबाई त्याला मांडीवर घेऊन जुन्या गावच्या गोष्टी विचारतात. सांगत नाहीत मामा, विचारतात.

बारसं पुढच्या सोमवारी आहे. यांना बहीण नाही, म्हणून नाव कानात सांगायचा मान तुम्हाला द्यावा, असं यांच्याकडून मी कबूल करून घेतलंय. नवंकोरं नाव आणा, घराण्यात कुणाचंच नसलेलं. सासूबाईंनी एक नाव मनात धरलंय. त्यांच्या आईनं उंबऱ्याखालच्या त्या तान्ह्यासाठी ठरवलेलं, आणि ठेवायचं राहून गेलेलं. त्यांच्या ओठांवर ते आलेलंच आहे. त्यांनी ते उच्चारायच्या आत या.

लेकीसारखी मानता, तर आता लेकीची हाक ऐका.

आपली,
रोहिणी